पंप जळायची वाट बघू नका, तो न जळण्याचे पैसे घ्या



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण घरगुती स्विमिंग पूलचा पंप पूर्ण उघडून बघितला. झाकण, बास्केट, इम्पेलर, सील, मोटार, सगळं टेबलावर मांडलं. इथे लिहिताना मात्र मला त्या पंपावर उभ्या राहणाऱ्या धंद्याबद्दल बोलायचंय. त्याबद्दल माझं एक ठाम मत आहे आणि ते व्हिडिओत मावलं नाही.

मत असं आहे. नाशिकमध्ये कमी भांडवलात सेवेचा धंदा सुरू करायचा असेल, तर पूलच्या पंपाची देखभाल हा चांगला धंदा आहे. पण एका अटीवर. पंप बिघडल्यावर धावत जायचं आणि दुरुस्तीचे पैसे घ्यायचे, या वाटेला जाऊ नका. पंप बिघडू नये म्हणून दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी जायचं आणि त्याचे महिन्याला ठरलेले पैसे घ्यायचे. दोन्ही कामांत पाने, पक्कड, टेस्टर तेच लागतात. फरक आहे तो तुमची कमाई कशातून होते यात.

दुरुस्तीवाल्याची कमाई गिऱ्हाइकाच्या नुकसानीतून होते. मोटार जळाली की त्याला काम मिळतं. तो मुद्दाम काही वाईट करतो असं मी म्हणत नाही. पण सील गळताना दिसलं तरी आजच बदलून घ्या असं सांगायची त्याला घाई नसते, कारण थांबलं तर काम मोठं होतं. महिन्याचे पैसे घेणाऱ्याचं उलटं आहे. पंप बिघडला की त्याची धावपळ वाढते आणि पैसे तेवढेच मिळतात. म्हणून तो सील आजच बदलतो. गिऱ्हाइकाचा फायदा आणि तुमचा फायदा एकाच बाजूला असेल तर तो धंदा वर्षानुवर्षं टिकतो. माझ्या पंप-फिटिंगच्या काउंटरवर इतकी वर्षं उभं राहून मी हेच बघतोय.

गिऱ्हाईक आहे कुठे?

पहिला प्रश्न हाच येतो. नाशिकमध्ये असे पूल आहेत तरी किती?

आकडा मी सांगणार नाही, पण रस्ता सांगतो. गंगापूर रोडने गंगापूर धरणाकडे जा, पुढे गिरणाऱ्याकडे वळा. त्र्यंबक रोडने अंजनेरीपर्यंत जा. घोटी-इगतपुरीच्या डोंगरांकडे जा. फार्महाऊस, वीकेंड व्हिला, होमस्टे यांच्या पाट्या मोजत चला. १९९९ साली सुला विनयार्ड्स सुरू झाली तेव्हा नाशिकला लोक देवदर्शनाला यायचे. आज द्राक्षांच्या मळ्यात राहायला येणारे वेगळे पाहुणे आहेत. त्यात ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि मुंबईचा माणूस इगतपुरीच्या आणखी जवळ आला. या पाहुण्याला खोली दाखवली की तो पहिलं विचारतो, "पूल आहे का?"

मग व्हिलावाल्याने पूल बांधला. बांधणारी कंपनी मुंबईची किंवा पुण्याची. वॉरंटी असेपर्यंत त्यांचा माणूस येतो. नंतर अंजनेरीच्या एका पंपासाठी पुण्याहून गाडी काढणं त्यांना परवडत नाही. मालक मुंबईत, पूल इथे, आणि पंपाचं बटण वॉचमनच्या हातात. त्या बिचाऱ्याला कोणी काही शिकवलेलं नसतं. ही जी मोकळी जागा आहे ती तुमची.

शिवाय शहरातल्या मोठ्या सोसायट्या आहेत. पण सुरुवात तिथून करू नका. कमिटी तीन कोटेशन मागवते, सर्वांत स्वस्त माणूस घेते आणि बिल तीन महिन्यांनी काढते. खिशात थोडे पैसे साठले की मग तिकडे वळा.

हे काम तुमच्या घरात आधीच आहे

पूल म्हटलं की आपल्या पोरांना वाटतं, हे श्रीमंतांचं काहीतरी वेगळं यंत्र असेल. मला हे ऐकलं की हसू येतं, कारण समोर बसलेला पोरगा दिंडोरीचा, निफाडचा किंवा पिंपळगावचा असतो. त्याच्या घरी द्राक्षबाग असते आणि बागेला ड्रिप असतं.

आता तुमच्या विहिरीवरच्या ड्रिपच्या हेडवर काय काय असतं ते आठवा. पंप. त्यापुढे सँड फिल्टर. फिल्टरच्या आधी आणि नंतर प्रेशर बघायची सोय. दोन्हींत फरक वाढला की बॅकवॉश. खत सोडायला व्हेंच्युरी. क्षार बसले की ॲसिड ट्रीटमेंट, शेवाळ झालं की क्लोरीन ट्रीटमेंट.

पूलच्या पंपरूममध्ये नेमकं हेच आहे. पूलमधून पाणी येतं, बास्केटमध्ये पानं आणि केस अडकतात, पंप ते सँड फिल्टरमध्ये ढकलतो, वाळूत गाळ बसतो आणि स्वच्छ पाणी परत पूलमध्ये जातं. प्रेशर वाढलं की बॅकवॉश. शेवाळाला क्लोरीन. फरक एवढाच की बागेत पाणी एकदाच जातं आणि इथे तेच पाणी गोल गोल फिरतं.

तीन गोष्टी मात्र नव्याने शिकाव्या लागतात. एक, घरगुती पूलचा पंप बहुतेक वेळा सिंगल फेजचा असतो, त्यामुळे कपॅसिटर समजून घ्या. मोटार नुसती घुंऽऽ करते आणि फिरत नाही, तेव्हा कपॅसिटर गेलेला असतो किंवा इम्पेलर अडकलेला असतो. दोन, बॉडी प्लास्टिकची असते. बागेतल्या सवयीने मोठा पाना लावून युनियन आवळली तर ती चिरते. हाताने आवळायची. तीन, पारदर्शक झाकणाखालच्या ओ-रिंगला साधं ग्रीस किंवा ऑइल चालत नाही, रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीसच लावायचं.

एखाद्या चांगल्या मेकॅनिकच्या हाताखाली दोन महिने काम करा. सातपूरच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन झाला असाल तर तुम्ही अर्ध्या वाटेवर आहातच.

सीलपासून मोटार भरण्यापर्यंत

आता मी "दर आठवड्याला" असा हट्ट का धरतो ते सांगतो.

पंपाचा पाण्याचा भाग आणि मोटार यांच्यामध्ये शाफ्टवर एक मेकॅनिकल सील असतं. त्याचं काम एवढंच, की पाणी मोटारीकडे जाऊ द्यायचं नाही. हे सील पाण्यानेच थंड राहतं. पूलची पातळी स्किमरच्या खाली गेली, बास्केट पानांनी गच्च भरली किंवा झाकणातून हवा शिरली, की पंप कोरडा किंवा अर्धा कोरडा फिरतो. सील तापतं आणि खराब होतं.

पहिल्या आठवड्यात पंपाखाली नुसती ओल दिसते. वॉचमनला वाटतं, फरशी धुतली असेल. मग थेंब पडू लागतात. मग पाणी शाफ्टवरून पुढच्या बेअरिंगमध्ये जातं. बेअरिंग गंजतं आणि शिट्टी मारल्यासारखा आवाज करतं. तरीही पंप चालू असतो, म्हणून कोणी फोन करत नाही. शेवटी पाणी वाइंडिंगपर्यंत पोहोचतं आणि शनिवारी संध्याकाळी, पाहुणे आत उतरलेले असताना, मोटार जळते. ती भरायला टाकायची तर शहरात आणायची, दोन-चार दिवस थांबायचं. तोपर्यंत पाणी थांबलेलं, आणि मे महिन्याच्या उन्हात थांबलेलं पाणी हिरवं पडायला वेळ लागत नाही.

सील काही शे रुपयांत येतं. मोटार भरायला काही हजार लागतात. आणि बुकिंग रद्द झालं त्याचा हिशोब वेगळाच. हे सगळं पहिल्या आठवड्यातल्या ओलीवरून कळलं असतं. पण ती ओल बघायला कोणीतरी तिथे खाली वाकायला हवं. तुम्ही पैसे घेणार आहात ते या वाकून बघण्याचे.

पाण्याचा हिशोब

या धंद्याबद्दल बोललो की कोणीतरी हमखास म्हणतं, "आपल्या जिल्ह्यात सिन्नर, येवला, चांदवड, नांदगावला उन्हाळ्यात टँकर फिरतात, आणि तुम्ही स्विमिंग पूलच्या गोष्टी करता?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर टाळू नका, ते तुमच्या धंद्याचं मूळ आहे.

एक साधा पूल घ्या. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल. म्हणजे ४० घनमीटर, ४०,००० लिटर पाणी. १०,००० लिटरचे चार टँकर. पूल हिरवा पडला की न शिकलेला माणूस काय करतो? व्हॉल्व्ह उघडतो, सगळं पाणी सोडून देतो, फरशा घासतो आणि बोअरने पुन्हा भरतो. चार टँकर नाल्यात.

आता देखभालीचं पाणी बघा. पंप तासाला १० घनमीटर पाणी फिरवतो असं धरू. ३ मिनिटांच्या बॅकवॉशला ५०० लिटर जातात. दर आठवड्याला केला तरी वर्षाचे २६,००० लिटर. म्हणजे वर्षभराचा बॅकवॉश मिळून जेवढं पाणी जातं, त्यापेक्षा जास्त पाणी एकदा पूल रिकामा केल्यावर जातं. आणि बॅकवॉश दर आठवड्याला लागतोच असं नाही. गेज बघून केला तर आणखी कमी. ते पाणीसुद्धा खड्ड्यात दोन-चार दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडून गेलं की झाडांना देता येतं. पूलला सॉल्ट क्लोरिनेटर असेल तर मात्र ते खारं पाणी बागेला लावू नका आणि कुठलंही पूलचं पाणी विहिरीकडे किंवा ओढ्याकडे सोडू नका.

पूल असावा की नसावा, यावर माझं मत कोणी विचारत नाही. पण जो बांधून झालाय, त्याचं पाणी दर उन्हाळ्यात फेकलं जाऊ नये, हे आपल्या हातात आहे. पंप चालता ठेवला आणि क्लोरीन नीट ठेवलं तर तेच पाणी वर्षानुवर्षं वापरता येतं, उडून गेलेल्याची तेवढी भर टाकावी लागते. गिऱ्हाइकाशी बोलताना "मी पंप रिपेअर करतो" असं म्हणू नका. "तुमचं पाणी बदलावं लागू नये एवढं मी बघतो," असं म्हणा. ते खरं आहे आणि गंगापूर धरणाच्या काठावर राहणाऱ्या माणसाला ते पटतं.

भेटीत काय करायचं?

एक भेट साधारण पाऊण ते एक तासाची. क्रम कधीही बदलू नका.

पहिलं, पंप चालू असतानाच गेज आणि आवाज. फिल्टर स्वच्छ असताना गेजवर किती प्रेशर होतं ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. समजा ०.८ किलो. ते १.३ ते १.५ किलोपर्यंत गेलं की वाळू भरली, बॅकवॉश करा. प्रेशर उलट कमी झालं आणि पूलमध्ये पाणी येतं तिथे बुडबुडे दिसले, तर गडबड पंपाच्या आधी आहे. पातळी खाली गेली असेल, बास्केट भरली असेल किंवा कुठूनतरी हवा शिरत असेल. खडे वाजल्यासारखा आवाज आला तर पंपाला पाणी पुरत नाही. शिट्टीसारखा आला तर बेअरिंग.

दुसरं, एमसीबी बंद. बटण नव्हे, एमसीबी. पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर दोन्ही व्हॉल्व्हही बंद. बास्केट काढा, धुवा, तडा गेलाय का बघा. ओ-रिंग पुसा, सिलिकॉन ग्रीस लावा. झाकण लावायच्या आधी स्ट्रेनरमध्ये पाणी भरा.

तिसरं, वाकून पंपाखाली हात फिरवा. ओल आहे का?

चौथं, गरज असेल तर बॅकवॉश. मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचा दांडा पंप बंद असतानाच फिरवायचा. चालू पंपावर फिरवला तर आतलं गॅस्केट जातं आणि मग गाळ परत पूलमध्ये येत राहतो. काचेत पाणी स्वच्छ दिसलं की थांबा, अर्धा मिनिट रिन्स करा, मग परत फिल्टरवर आणा.

पाचवं, पाण्याची तपासणी. पीएच ७.२ ते ७.६ आणि क्लोरीन १ ते ३ पीपीएमच्या दरम्यान. पीएच वाढलेला राहिला तर क्लोरीनची ताकद कमी होते, आणि आपल्याकडच्या क्षाराच्या बोअरच्या पाण्यात तो वाढलेलाच सापडतो. फिल्टरमध्ये, पाइपात पांढरा थर बसतो तो वेगळाच.

सहावं, क्लॅम्प मीटरने अँपिअर. मोटारीच्या प्लेटवर लिहिलेत त्यापेक्षा जास्त दिसत असतील तर व्होल्टेज आणि बेअरिंग तपासा.

आणि सातवं, वही. तारीख, गेज, पातळी, पीएच, क्लोरीन, अँपिअर, ओल आहे की नाही. वही पंपरूममध्येच टांगायची आणि त्या पानाचा फोटो मालकाला पाठवायचा. तीन महिन्यांची वही हातात असली की तुम्ही पंपाचा स्वभाव सांगू शकता. ज्याच्याकडे वही नाही त्याच्याकडे फक्त अंदाज आहे.

पंप किती तास चालवायचा, हेही तुम्हीच ठरवून द्या. आपल्या उदाहरणातलं ४०,००० लिटर पाणी एकदा फिरायला ४ तास लागतात. एप्रिल-मेमध्ये पाहुणे असताना ते दोनदा फिरायला हवं, म्हणजे ८ तास. नाशिकच्या थंडीत कोणी उतरत नाही तेव्हा ४ तास पुरतात, पण बंद ठेवू नका. १ एचपीचा पंप तासाला साधारण एक युनिट खातो. मालकाला त्याच्या लाइट बिलावरच्या दराने गुणाकार करून दाखवा. थंडीत रोजचे चार तास कमी केले तर महिन्याला १२० युनिट वाचतात. तुमच्या पैशातला काही भाग तिथूनच निघाला.

पावसाळ्याचं एक वेगळं बघा. इगतपुरीकडे पंप बऱ्याच ठिकाणी जमिनीखालच्या खड्ड्यात असतो. जुलैत खड्डा भरला की पंप बुडतो. जून लागायच्या आत पाणी बाहेर जायची वाट मोकळी आहे का ते बघणं आणि खड्ड्यात छोटा सबमर्सिबल ठेवायला लावणं हे तुमचं काम.

पैशाचं बोलू

हा हिशोब उदाहरणादाखल आहे, तुमच्या भागातले दर तुम्ही काढा. समजा एका पूलचे महिन्याला ४,००० रुपये, चार भेटी, केमिकल आणि सुटे भाग वेगळे. असे १२ पूल म्हणजे ४८,००० रुपये आणि ४८ भेटी, रोजच्या दोन. पेट्रोल, टेस्ट किटची औषधं, किरकोळ सामान, फोन, गाडीचा खर्च मिळून ८,००० धरा. ४०,००० उरले. पावसाळ्यात दोन गिऱ्हाइकं गळाली तरी ३२,०००. दुरुस्तीवर जगणाऱ्याला मे महिन्यात फोन उचलायला वेळ नसतो आणि ऑगस्टमध्ये फोन वाजतच नाही. तुम्हाला घराचा हप्ता ऑगस्टमध्येही भरायचा असतो.

हा हिशोब कुठे फसतो तेही बघा. नाशिकहून इगतपुरी ४५ ते ५० किलोमीटर. तिकडे एकच पूल घेतला तर तुम्ही पेट्रोलपंपासाठी काम करताय. एका दिशेला किमान तीन पूल झाल्याशिवाय तो रस्ता धरू नका. सोमवार-मंगळवार गिरणारे, बुधवार-गुरुवार त्र्यंबक रोड, असे वार बांधून घ्या. शनिवार-रविवार पूलमध्ये पाहुणे असतात, तेव्हा भेट ठेवू नका, फक्त फोन चालू ठेवा.

भांडवल म्हणाल तर दुचाकी, हत्यारं, क्लॅम्प मीटर, टेस्ट किट, दोन-तीन मापांची सीलं, ओ-रिंगा आणि कपॅसिटर. उद्यम नोंदणी ऑनलाइन फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही.

करार एका पानाचा असू द्या, पण कागदावर असू द्या. किती भेटी, त्यात काय येतं, काय येत नाही, बिघाडाचा फोन आल्यावर किती तासांत पोहोचणार, पैसे कोणत्या तारखेला. मोटार भरणं आणि साधारण पाच वर्षांनी फिल्टरची वाळू बदलणं हे करारात धरू नका, त्याचं वेगळं बिल.

"पंप चालतोय ना, मग पैसे कशाचे?"

हा प्रश्न तुम्हाला तिसऱ्या महिन्यात येणार. काम चांगलं केलंत तर काहीच बिघडत नाही, आणि काहीच बिघडलं नाही की मालकाला वाटतं, हा येऊन करतो काय?

अशा वेळी वाद घालू नका, वही उघडा. "साहेब, १२ तारखेला गेज दीड किलोवर होतं, बॅकवॉश केला. १९ ला पंपाखाली ओल दिसली, सील बदललं. हा जुन्या सीलचा फोटो." काढलेला प्रत्येक खराब भाग मालकाला दाखवा. जो भाग दिसतो त्याचे पैसे द्यायला माणूस कुरकुर करत नाही.

दुसरी गोष्ट, वॉचमनला आपलंसं करा. तिथे राहणारे काका-मावशी रोज तो पंप ऐकतात, तुम्ही आठवड्यातून एकदा. त्यांना तीन गोष्टी शिकवा: पातळी स्किमरच्या अर्ध्यापर्यंत ठेवायची, आवाज बदलला की पंप बंद करायचा, आणि मला लगेच फोन करायचा. काही जण घाबरतात, याला शिकवलं तर माझं काम जाईल. जात नाही. पहिल्या मिनिटाला पंप बंद करणारे काका तुमची शनिवारची संध्याकाळ वाचवतात. त्यांना "ओ वॉचमन" अशी हाक मारणारा मेकॅनिक तिथे फार टिकत नाही, हेही सांगून ठेवतो.

तिसरी गोष्ट, नवा पंप विकायची घाई करू नका. कमी-जास्त वेगाने चालणारे पंप आता मिळतात आणि ते खरंच चांगले आहेत. इम्पेलरचा वेग निम्मा केला की पाणी निम्मं येतं, पण वीज कागदावर आठव्या हिश्श्याएवढी लागते. म्हणजे दुप्पट वेळ चालवून तेवढंच पाणी फिरवलं तरी वीज चौथा हिस्सा. प्रत्यक्षात बचत याहून थोडी कमी धरा. अमेरिकेत जुलै २०२१ पासून पूलच्या पंपांना विजेच्या बचतीचे सक्तीचे नियम लागू झाले ते यामुळेच. पण मालकाचा आहे तो पंप धड चालत असेल तर त्याला चालू द्या. तो थकला की पुढचा पंप तुमच्याच सल्ल्याने घेतला जाईल.

इथे तडजोड नाही

शेवटचं, आणि हे गमतीने घेऊ नका. हा पंप पाण्याजवळ आहे आणि त्या पाण्यात लहान मुलं उतरतात.

पंपाच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचं ईएलसीबी आणि चांगलं अर्थिंग नसेल तर ते बसवल्याशिवाय काम हातात घेऊ नका. मालक म्हणेल, "इतकी वर्षं काही झालं नाही." तुम्ही नमस्कार करून बाहेर पडा.

पूलच्या तळाला जाळी असते, तिथून पंप पाणी ओढतो. ती तुटली किंवा निघाली असेल तर पूल त्याच क्षणी बंद करायला लावा. अमेरिकेत २००२ साली व्हर्जिनिया ग्रॅम बेकर नावाची सात वर्षांची मुलगी अशाच तळाच्या ओढीत अडकून पाण्याखाली गेली. तिच्या नावाने २००७ मध्ये तिथे कायदा झाला, सार्वजनिक पूलना सुरक्षित जाळ्या सक्तीच्या झाल्या. आपल्या व्हिलाच्या पूलवर ती जाळी बघायला दर आठवड्याला येणारा माणूस बहुधा एकटे तुम्हीच असाल. तळाला एकाऐवजी एकमेकांपासून लांब अशी दोन तोंडं असतील तर ओढ विभागली जाते. नवीन बांधकाम करणाऱ्याला हे आधीच सांगा.

केमिकलचं तेच. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आले की विषारी वायू होतो. दोन वेगळ्या प्रकारचं क्लोरीन एका डब्यात मिसळलं तर आग लागू शकते. दोन्ही पंपरूममध्ये ठेवू नका, त्यांच्या वाफेने मोटारही गंजते. ॲसिड नेहमी पाण्यात घालायचं, ॲसिडमध्ये पाणी ओतायचं नाही.

ही कामं बिलात दिसत नाहीत. पण गिऱ्हाईक तुम्हाला किल्ली देतं ते यांच्याच विश्वासावर.

या रविवारी एवढं करा

घरी ड्रिप असेल तर हेडजवळ जा. सँड फिल्टरच्या आधीचं आणि नंतरचं प्रेशर वहीत लिहा, बॅकवॉश करा, पुन्हा लिहा. चार आठवडे रोज एकदा नोंद करा. कंटाळा आला आणि वही सुटली, तर हा धंदा तुमच्यासाठी नाही, दुसरा शोधू. वही टिकली, तर गिरणाऱ्याच्या रस्त्याला एक चक्कर मारा, एका व्हिलाच्या दारात गाडी लावा आणि तिथल्या काकांना विचारा, "पंपाखाली ओल येते का हो?"